मासळी, अग्नि आणि धातु
(मंडळींतील गृहिणी व उपदेशक यांच्यासाठीं एक पाठ)

शास्त्रवाचन : गणना ३१:२१–२४, २ राजे २:१९–२२ व ४:३८–४१, मत्तय १३:४७–४८, योहान २१:१–१४.

मासळी एकदां चुलीवर चांगली शिजली कीं तिच्यांत जें कांहीं वाईट असेल तें जळून जातें, अशी समजूत आमच्या खेड्यांत सर्वत्र आढळते. याच्या अगदीं उलट दुसरी एक समजूत अलीकडे पसरूं लागली आहे. नदींत कारखान्यांचें पाणी उतरतें, म्हणून मासळी आतां विषच झाली, गरोदर स्त्रियांनीं व लेंकरांनीं तिला शिवूंही नये, असें कित्येक म्हणतात. या दोन्ही समजुतींत सत्याचा थोडा अंश आहे, आणि दोहोंतही धोका आहे. पहिली समजूत धरणारा निष्काळजी होतो. दुसरी धरणारा आपल्या लेंकरांच्या तोंडचा स्वस्त व पौष्टिक घांस काढून घेतो. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें मोलमजुरीवर जगतात. त्यांच्या घरीं आठवड्यांतून एखाद्या दिवशीं जी मासळी शिजते, तीच बहुधा त्या आठवड्यांतील सर्वांत बळ देणारें अन्न असतें. म्हणून या विषयांत खरें काय आहे हें प्रत्येक आईस व प्रत्येक उपदेशकास नीट कळणें अगत्याचें आहे.

जालना जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे, तरी येथें मासळी कांहीं नवलाची वस्तु नाहीं. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि तिच्या कांठीं शहागडासारख्या गांवीं जाळें टाकणें हा जुना धंदा आहे. दुधना, पूर्णा, कुंडलिका या नद्या व गांवोगांवचे तलाव यांत रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ असे मासे मिळतात. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून नाथसागर हेंही या बाजूस मासळीचें मोठें ठिकाण झालें आहे. आठवडे-बाजारांत कोंकणांतून आलेले सुके बोंबील, सुकट व जवळा विकावयास येतो. दुसऱ्या बाजूनें पाहतां, जालना शहर लोखंड वितळविण्याच्या व सळया तयार करण्याच्या कारखान्यांकरितां महाराष्ट्रभर ओळखलें जातें. तेव्हां मासळी आणि धातु या दोहोंचा विचार एकत्र करणें आम्हांस परका विषय नव्हे.

१. मासळींत देवानें काय ठेविलें आहे

शंभर ग्रॅम मांसल माशांत सुमारें १७ ते २० ग्रॅम प्रथिनें, म्हणजे शरीर घडविणारें सत्त्व, असतें. आणि तें अगदीं लहान मुलाच्या पोटालाही सहज पचतें. शिवाय मासळींत ब-१२ नांवाचें जीवनसत्त्व आहे. हें सत्त्व ज्वारीच्या भाकरींत नाहीं, डाळींत नाहीं व पालेभाजींतही नाहीं; आणि त्यावांचून नवें रक्त नीट तयार होत नाहीं. ड जीवनसत्त्व, आयोडीन व सेलेनियम हींही मासळींत सांपडतात. माशाच्या स्निग्धांशांत ओमेगा-३ नांवाचीं द्रव्यें असतात. गर्भांतील बाळाचा मेंदू व डोळे घडण्याच्या कामीं तीं उपयोगीं पडतात. जी लहान मासळी कांट्यांसकट चावून खातां येते, तिच्यांतून हाडांस लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर मिळतो.

२०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. अशा स्थितींत केवळ भीतीनें मासळी सोडणें म्हणजे अशक्त स्त्रीस अधिक अशक्त करणें होय.

२. अग्नि काय करितो आणि काय करूं शकत नाहीं

अग्नि हा देवाचा चांगला सेवक आहे. कच्च्या माशावरील रोगजंतु व त्याच्या मांसांतील बारीक कृमि हे जीव आहेत. उष्णतेनें ते मरतात. माशाचें मांस आंतपर्यंत दुधासारखें पांढरट होऊन कांट्यापासून सहज सुटूं लागलें, म्हणजे तें नीट शिजलें असें समजावें. कित्येक जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नासून टाकणारें एक द्रव्य असतें. तेंही शिजविण्यानें नाहींसें होतें. प्रथिनें उष्णतेनें मऊ होतात, पण नष्ट होत नाहींत.

अग्नि कांहीं घेऊनही जातो. ब-१ जीवनसत्त्व नाजूक आहे. फार वेळ उकळल्यानें त्याचा कांहीं भाग नासतो व कांहीं पाण्यांत उतरतो. ब वर्गांतील इतर जीवनसत्त्वें, पोटॅशियम व आयोडीन यांचाही कांहीं अंश पाण्यांत उतरतो. परंतु पाण्यांत उतरलेलें सत्त्व गेलें असें नव्हे. रस्सा भाकरीबरोबर खाल्ला, तर तें पोटांतच येतें. पाणी ओतून दिलें, तर मात्र तें मोरींत जातें.

आतां अग्नीस जें करितां येत नाहीं त्याकडे वळूं. गणनेच्या एकतिसाव्या अध्यायांत एलाजार याजक लुटींतील वस्तु शुद्ध करण्याचा नियम सांगतो. तेथें सोनें, रुपें, तांबें, लोखंड, कथील व शिसें यांचीं नांवें घेऊन, ज्या वस्तु अग्नींत टिकतात त्या अग्नींतून काढाव्या, असें तो सांगतो. तो नियम शुद्धीचा आहे, स्वयंपाकाचा नव्हे. तथापि त्यांत एक साधें सत्य गृहीत धरलेलें आहे. तें हें कीं धातु अग्नींत टिकतो. जंतु मरतो, कारण तो जीव आहे. जीवनसत्त्व मोडतें, कारण तें अनेक मूलतत्त्वांच्या जोडणीनें झालेलें आहे. शिसें, पारा, कॅडमियम हीं स्वतःच मूलतत्त्वें आहेत. घरच्या चुलीनें मोडून त्यांचें दुसरें कांहीं होत नाहीं. कोणी म्हणेल, पारा तर तापविला असतां वाफ होऊन उडतो. खरें आहे, परंतु माशांतील पारा मोकळा नसून मांसाच्या प्रथिनांशीं घट्ट बांधलेला असतो. रस्सा १०० अंशांवर उकळतो, तळणाचें तेल १८० अंशांच्या आसपास तापतें; तेवढ्यानें तो सुटून जात नाहीं.

आणखी दोन गोष्टी अग्नीस हार जात नाहींत. बांगडा, कुपा अशा समुद्राच्या माशांवर बर्फ न राहिला, तर त्यांच्यांत हिस्टॅमिन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्यानें तोंड लाल होणें, अंगावर गांधी उठणें, डोकें दुखणें असे विकार होतात, आणि तें शिजवून जात नाहीं. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां लोकांनीं हें ध्यानांत ठेवावें. दुसरी गोष्ट रोहू, कटला, गवत्या अशा माशांच्या पित्ताशयाची. कांहीं लोक औषध म्हणून तें गिळतात. त्या पित्तांतील विष उकळूनही जात नाहीं, आणि त्यामुळें मूत्रपिंडें एकाएकीं बंद पडल्याचीं उदाहरणें आपल्या देशांत घडलीं आहेत. कोणाच्याही सांगण्यावरून तें खाऊं नये व कोणास देऊं नये.

३. धातु मासळींत कसा शिरतो

दगडी कोळशाच्या धुरांतून व कित्येक कारखान्यांच्या सांडपाण्यांतून पारा जलाशयांत उतरतो. तळच्या गाळांतील सूक्ष्म जंतु त्याचें मिथिल-पारा नांवाच्या अधिक घातक द्रव्यांत रूपांतर करितात. पाण्यांतील शेवाळ तो घेतें. शेवाळ किडे खातात. किडे लहान मासे खातात. लहान मासे मोठे मासे खातात. प्रत्येक पायरीवर तो सांचत जातो. म्हणून शेवाळ व वनस्पति खाणाऱ्या माशांत तो थोडा, आणि दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या व जुन्या माशांत तो अधिक असतो. आमच्या नद्यांत मरळ हा शिकारी मासा आहे; समुद्रांत मोरी, मोठी सुरमई व कुपा हे तसे आहेत.

शिसें व कॅडमियम यांची चाल निराळी आहे. तीं मांसांत कमी व काळीज, मूत्रपिंड, कल्ले आणि हाडें यांत अधिक सांचतात. हा भेद नीट लक्षांत ठेवावा. कारण पुढें सांगावयाचे उपाय यावरच अवलंबून आहेत.

पाऱ्यामुळें काय अनर्थ होतो हें जगास जपानांतील मिनामाता या गांवानें दाखविलें. तेथील चिसो नांवाच्या कारखान्याचें सांडपाणी वर्षानुवर्षें उपसागरांत जात होतें. मासळीवर जगणाऱ्या मांजरीं प्रथम वेड्यावांकड्या नाचून मेल्या. मग कोळ्यांच्या घरांतील माणसांचे हातपाय कांपूं लागले, दृष्टि अधू झाली, वाचा अडखळूं लागली. १९५६ सालच्या मे महिन्यांत या रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि त्याचें कारण कारखान्यांतील पारा होय असें जपान सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें. सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं, कित्येक माता स्वतः बऱ्या दिसत असतां त्यांचीं बाळें जन्मतःच पंगु झालीं. आईच्या रक्तांतील पारा गर्भाच्या मेंदूपर्यंत पोंचला होता. ती मासळी शिजवून निर्विष करणें कोणत्याही गृहिणीच्या हातीं नव्हतें. त्या गांवाच्या नांवानें पाऱ्याविरुद्ध झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ सालीं अंमलांत आला, व भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला. आपल्या महाराष्ट्रांतही ठाण्याच्या खाडीच्या व उल्हास नदीच्या मुखाच्या गाळांत कारखान्यांतून आलेला पारा सांचल्याचें संशोधकांनीं नोंदविलें आहे.

४. एक सोपा हिशेब

शिजविल्यानें धातु वाढतो, असेंही कधीं कधीं ऐकूं येतें. तें कसें, हें हिशेबानें पाहूं. समजा, एक किलो साफ केलेल्या कच्च्या मासळींत ४०० मायक्रोग्रॅम पारा आहे. म्हणजे दर १०० ग्रॅमांत ४०. (एका ग्रॅमाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम.) शिजतांना पाणी निघून गेलें व मासळी ८०० ग्रॅम उरली. पारा मात्र ४०० च राहिला. म्हणून आतां दर १०० ग्रॅमांत ५० झाला. अग्नीनें पारा वाढविला नाहीं, पाणी कमी केलें. घरांतील माणसांच्या पोटांत एकूण जाणारा पारा पूर्वींइतकाच. सुक्या मासळीचें असेंच आहे. तिच्यांत सत्त्व व धातु दोन्ही वजनाच्या मानानें दाट होतात, परंतु ती आपण ओल्या मासळीइतकी एका वेळीं खात नाहीं.

आतां किती खावें हें पाहूं. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञमंडळानें २००३ सालीं अशी मर्यादा ठरविली कीं, शरीराच्या दर किलो वजनामागें आठवड्यास १·६ मायक्रोग्रॅमांहून अधिक मिथिल-पारा पोटांत जाऊं नये. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस ही मर्यादा आठवड्यास ८० मायक्रोग्रॅम होते. एका माशांत किलोमागें १०० मायक्रोग्रॅम पारा असेल, तर ती आठवड्यांत ८०० ग्रॅम खाऊनही मर्यादेंत राहील. दुसऱ्या, मोठ्या शिकारी माशांत किलोमागें ५०० असेल, तर १६० ग्रॅमांतच मर्यादा संपली. त्याच स्त्रीस एक मासा आठवडाभर चालतो, व दुसरा एका जेवणांत पुरे होतो. म्हणून मासळी खावी कीं न खावी, एवढाच प्रश्न विचारून भागत नाहीं. कोणती मासळी व किती, असें विचारावें लागतें. याच दोन संघटनांनीं २०१० सालीं तज्ज्ञांची सभा बोलाविली. गरोदर स्त्रियांनीं मासळी खाल्ल्यास गर्भाच्या मेंदूच्या वाढीस लाभ होतो, आणि बहुतेक ठिकाणीं तो लाभ पाऱ्याच्या भीतीहून मोठा आहे, असें त्या सभेनें ठरविलें. मात्र ज्या माशांत पारा कमी ते निवडावे.

५. निवड आणि सुरी

प्रभु येशूनें जाळ्याचा दृष्टांत सांगितला. त्यांतील कोळी जाळें कांठावर ओढल्यावर बसून चांगले मासे भांड्यांत जमा करितात व वाईट फेंकून देतात. दृष्टांताचा अर्थ जगाच्या शेवटच्या निवाड्याविषयीं आहे. परंतु प्रभूनें ज्या कोळ्यांस पाहिलें होतें त्यांची रीत आम्हीं घरींही घ्यावी. अग्नि जें करूं शकत नाहीं, तें निवडणारा डोळा व कापणारी सुरी पुष्कळ अंशीं करूं शकतात.

पहिली गोष्ट, निवड. रोहू, कटला, मृगळ व चिलापी बहुतेककरून वनस्पति, शेवाळ व पाण्यांतील सूक्ष्म जीव खाऊन वाढतात. एक-दीड किलोचा असा मासा घरच्या जेवणास उत्तम. मरळ चवीस गोड असली, तरी फार मोठी व जुनी मरळ गरोदर स्त्रीस व लहान मुलास वारंवार देऊं नये. एकाच जागची एकच मासळी नेहमीं खाण्यापेक्षां कधीं नदीची, कधीं तलावाची, कधीं सुकी अशी पालटून खावी.

दुसरी गोष्ट, सफाई. कल्ले, आतडीं व काळीज काढून टाकावें. पोटाच्या आंत कण्याला चिकटून जी काळपट रक्ताची रेघ दिसते, तें माशाचें मूत्रपिंड होय. ती नखानें किंवा सुरीच्या टोंकानें खरवडून काढावी. शिसें व कॅडमियम यांचा मोठा भाग असा बाहेर जातो. पित्ताची पिशवी फुटूं न देतां काढून पुरावी. मासा सबंध असतांनाच चांगला धुवावा. तुकडे केल्यावर पुष्कळ वेळ पाण्यांत भिजत ठेवल्यास सत्त्व उतरून जातें. सुरी पाऱ्यास मात्र काढूं शकत नाहीं, कारण तो मांसांत असतो. तेथें निवड हाच उपाय आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ घरीं चांगले तुकडे पुरुषांच्या ताटांत जातात, आणि डोकें, काळीज व उरलेलें स्त्रिया व मुलें खातात. जें पाणी स्वच्छ असल्याची खात्री आहे तेथील डोक्याचा रस्सा खाण्यास हरकत नाहीं. परंतु जेथें कारखान्याचें किंवा शहराचें सांडपाणी मिळतें, तेथील माशाचें डोकें, काळीज व कल्ले कोणीच खाऊं नयेत. ज्या बाईच्या पोटांत बाळ आहे तिला उरलेंसुरलें न देतां मांसाचा पहिला तुकडा द्यावा. खेंकड्याच्या पोटांतील तपकिरी मगजांत कॅडमियम अधिक असतें. नांगींतील पांढरें मांस बरें.

जे बंधु स्वतः जाळें टाकतात त्यांस आणखी एक विनंति. जाळ्यास लावावयाचे शिशाचे मणी मुलांस खेळावयास देऊं नयेत, दांतांनीं दाबूं नयेत, व घरच्या चुलीवर शिसें वितळवूं नये. मासळींतून येईल त्याहून कितीतरी अधिक शिसें या वाटेनें मुलाच्या पोटांत जाऊं शकतें.

६. शिजविण्याची रीत

सर्वांत बरी रीत पातळ रस्सा. मसाला व पाणी आधीं उकळूं द्यावें, मग तुकडे सोडून मंद आंचेवर शिजवावे. मांस लवकर शिजतें, म्हणून तास तास उकळण्याचें कारण नाहीं. रस्सा सगळा खावा. चिंच किंवा आमसूल घातल्यानें लहान माशांचे कांटे मऊ होतात व चावून खातां येतात.

वाफेवर किंवा पानांत गुंडाळून भाजणें हीही चांगली रीत आहे. तींत सत्त्व आंतच राहतें. पुनरुत्थान पावल्यावर प्रभूनें तिबिर्या समुद्राच्या कांठीं आपल्या थकल्याभागल्या शिष्यांकरितां निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेविली होती, हें आम्हांस ठाऊक आहे. निखाऱ्यावर भाजावें, ज्वाळेवर नव्हे; करपून काळी झालेली कड काढून टाकावी, कारण त्या काजळींत अपाय करणारीं द्रव्यें असतात.

पुष्कळ तेलांत तळल्यानें माशाचा स्वतःचा उपयुक्त स्निग्धांश कांहीं तेलांत जातो व कांहीं नासतो, आणि त्याच्या जागीं तळणाचें तेल मांसांत शिरतें. तळलेल्या तुकड्यांत धातु कमी होत नाहीं. सणावारीं तळावें, रोज नको. तेंच तेल पुनःपुन्हां तापवूं नये.

सुके बोंबील व सुकट कोमट पाण्यांत थोडा वेळ भिजवून तें पाणी टाकावें. त्यानें मीठ, वाळू व कचरा निघून जातो. मासळी संशयित पाण्याची असल्यास पहिलें उकळीचें पाणी टाकावें, असें कोणी सुचवितात. त्यानें कांहीं धातूंचा थोडा अंश उतरतो, पण पारा उतरत नाहीं, आणि जीवनसत्त्वें मात्र जातात. खरोखर संशय असेल, तर ती मासळी घेऊंच नये, हें अधिक शहाणपणाचें.

७. भांड्यांतील मरण

अलीशा संदेष्ट्याच्या दिवसांत गिलगाल येथें दुष्काळ असतां कोणी एकानें ओळख नसलेलीं रानकाकड्यांसारखीं फळें चिरून हंड्यांत टाकलीं, आणि जेवणारे ओरडले कीं भांड्यांत मरण आहे. फळ टाकणाऱ्याचा हेतु वाईट नव्हता. त्याला ज्ञान नव्हतें. आमच्या घरींही पुष्कळदां मासळी निर्दोष असते, व धातु भांड्यांतून किंवा मसाल्यांतून येतो.

चिंचेचें आंबट कालवण कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत केलें तर तें कळकतें, हें आमच्या आज्यांस ठाऊक होतें. आंबटपणानें तांबें अन्नांत उतरतें व ओकाऱ्या, पोटदुखी होते. म्हणून कल्हई वेळेवर करावी, आणि ती शुद्ध कथलाची असावी. कथलांत शिसें मिसळलेलें असल्यास कल्हईच विष होते. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत आंबट रस्सा रात्रभर ठेवूं नये. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २०२५ सालीं बाहेरून आलेल्या कांहीं ॲल्युमिनियम, पितळ व हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नांत शिसें उतरतें, असा इशारा दिला. भंगार वितळवून केलेलीं, नांव-ठिकाण नसलेलीं स्वस्त भांडीं घेण्यापूर्वीं याचा विचार करावा. लोखंडी तवा व कढई मात्र हितकर. त्यांतून जें लोह अन्नांत उतरतें तें रक्त कमी असलेल्या स्त्रीस उपयोगीं पडतें. साध्या मातीचें, बिनझिलईचें मडकेंही चांगलें.

हळदीविषयीं दोन शब्द. तिचा रंग पिवळाजर्द दिसावा म्हणून कांहीं व्यापारी तिला लेड क्रोमेट नांवाचा शिशाचा रंग लावतात. बांगलादेशांत २०१९ सालीं हें उघडकीस आलें, आणि तेथील सरकारनें कडक तपासणी करून तें बंद पाडलें. आमच्या मराठवाड्यांत वसमत व हिंगोली हीं हळदीचीं मोठीं बाजारपेठें आहेत. सबंध हळकुंडें घेऊन घरीं किंवा गिरणींत आपल्या डोळ्यांदेखत दळून घेणें आम्हांस कठीण नाहीं. डोळे दिपविणाऱ्या सुट्या पुडीपासून दूर राहावें.

८. पाण्याच्या उगमाकडे

यरीहोच्या लोकांनीं अलीशास सांगितलें कीं नगर चांगलें, पण पाणी वाईट. तेव्हां संदेष्टा घरोघरीं जाऊन घागरी शुद्ध करीत बसला नाहीं. तो झऱ्याच्या उगमाकडे गेला. या पाठाचें तात्पर्य तेंच आहे. चूल, सुरी व निवड हे घरचे उपाय होत, आणि ते अवश्य करावे. परंतु एकदां पाण्यांत शिरलेला धातु कोणतीही गृहिणी आपल्या चुलीवर जाळूं शकत नाहीं. तो पाण्यांत जाऊंच न देणें हें सर्व गांवाचें काम आहे.

तें कोठून आरंभावें? जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील शिसें व तेजाब ओढ्याकांठीं ओतूं नये. रंगाचे व कीटकनाशकांचे डबे तलावांत धुवूं नयेत. ओढ्यांत रंगीत किंवा उग्र वासाचें पाणी येतांना दिसलें, तर दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठेवून ग्रामपंचायतीस व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवावें. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. मासे एकाएकीं मरून पाण्यावर तरंगूं लागले, तर फुकट मिळतात म्हणून ते कोणीही गोळा करूं नयेत, खाऊं नयेत व विकूं तर नयेच नये. शेजाऱ्यावर प्रीति करणारा मनुष्य संशयित मासळी परक्या गांवच्या बाजारांतही नेणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत रेव्ह. नारायण शेषाद्री यांनीं जालन्याजवळ बेथेल गांव वसविलें. नव्या विश्वासणाऱ्यांस त्यांनीं उपासनामंदिर दिलें, तसेंच घर, शेत व शाळा यांचीही सोय पाहिली. कारण आत्म्याची काळजी घेणाऱ्यास शरीराची काळजी टाळतां येत नाहीं, हें ते जाणून होते. तोच वारसा आज आमच्याकडे आहे. ज्या उपदेशकास पत्र लिहितां येतें त्यानें गांवच्या पाण्यासाठीं तें लिहावें. त्याचा लाभ ख्रिस्ती घरास व शेजारच्या प्रत्येक घरास सारखाच होईल.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. शिजविण्यानें मासळींतील कोणत्या वाईट गोष्टी जातात व कोणत्या जात नाहींत?
२. पारा माशाच्या कोणत्या भागांत असतो, आणि शिसें व कॅडमियम कोणत्या? त्यावरून सुरीचा उपयोग कोठें होतो व कोठें होत नाहीं?
३. रोहू व मोठी मरळ यांतून गरोदर स्त्रीसाठीं कोणती निवडावी, व कां?
४. आपल्या घरीं मासळीचा पहिला तुकडा कोणाच्या ताटांत पडतो? त्यांत कांहीं बदल करावयास पाहिजे काय?
५. आपल्या गांवच्या पाण्याच्या उगमाकडे शेवटीं कोण व केव्हां गेलें होतें? या महिन्यांत कोण जाईल?

उपदेशकांनीं हा पाठ शक्य तर स्त्रियांच्या सभेंत, एक मासा व एक सुरी समोर ठेवून शिकवावा. कल्ले, पित्त व कण्याजवळची काळी रेघ प्रत्यक्ष दाखविली म्हणजे ती विसरली जात नाहीं. आमच्या लेंकरांनीं मासा मागितला असतां आम्हीं त्यांस साप देत नाहीं. तर मग जो मासा देतों तोही निवडून, साफ करून व नीट शिजवून देऊं या, आणि ज्या पाण्यांत तो वाढतो तें पाणी राखूं या.